सीओपीडीची जुनी चिठ्ठी किती वर्षं चालवायची?

सोलापुरात धाप लागणारी माणसं शोधायला लांब जावं लागत नाही, कुणी अख्खं आयुष्य यंत्रमागावर कापसाची धूळ खाल्लेली, कुणी विडी ओढणारं, आणि कुणी विडीला कधी हातही न लावलेली पण जन्मभर चुलीच्या धुरात भाकऱ्या केलेली मावशी. यातली बरीच जण वर्षानुवर्षं तीच जुनी चिठ्ठी मेडिकलात दाखवून तेच औषध आणतात. मला याची खरंच काळजी वाटते, कारण सीओपीडीत, म्हणजे श्वासनळ्या अरुंद होऊन धाप लागणाऱ्या फुफ्फुसांच्या जुनाट आजारात, फुफ्फुसं बदलतात, वय बदलतं आणि औषधांबद्दलची माहिती पण बदलते.

श्वासनळ्या उघडणाऱ्या साल्ब्युटामॉलचंच घ्या. गोळी 4 मिलिग्रॅमची, आणि पंपाच्या एका पफमध्ये असतं 100 मायक्रोग्रॅम, म्हणजे चाळीसावा भाग! गोळी रक्तातून सगळ्या अंगभर फिरते म्हणून हात थरथरतात, धडधडतं, तर पंपाचं औषध थेट श्वासनळीत जातं. तरी आपल्याकडे पंप म्हणजे शेवटचा उपाय, त्याची सवय लागते असं समजून लोक गोळीच मागतात.

थिओफिलिन या धापेच्याच दुसऱ्या औषधाचं तर अजून वेगळं. विडीच्या धुरामुळे लिव्हर हे औषध भराभर संपवतं, त्यामुळे माणसाने विडी सोडली की तोच डोस रक्तात जास्त साठायला लागतो, मग मळमळ, धडधड, झोप नाही, आणि घरचे म्हणतात विडी सोडली म्हणून त्रास सुरू झाला. खरं तर विडी सोडली ते फार चांगलं केलं, पण ते डॉक्टरांना सांगायला पाहिजे म्हणजे डोस कमी करता येतो.

स्टेरॉइडच्या पंपाबद्दलही विचार बदललाय. पूर्वी तो सरसकट दिला जायचा, पण 2007 च्या टॉर्च नावाच्या मोठ्या अभ्यासात तो घेणाऱ्यांना न्यूमोनिया जास्त झालेला दिसला. आता आधी श्वासनळ्या उघड्या ठेवणारी दीर्घकाळ टिकणारी दोन औषधं एकत्र देतात आणि वारंवार धापेचे अटॅक येत असतील तर रक्तातल्या इओसिनोफिल पेशी बघतात, 300 किंवा जास्त असतील तर स्टेरॉइडचा चांगला फायदा, 100 च्या खाली असतील तर जवळपास नाहीच. साध्या रक्ततपासणीत कळतं हे. (पण वाचून स्वतःच पंप बंद करू नका, प्लीज.) 2024 मध्ये अमेरिकेत याच पेशी वाढलेल्यांसाठी डुपिलुमॅब नावाचं इंजेक्शनही मंजूर झालं, महाग आहे, आणि ते पंप चालू ठेवून वरून द्यायचं असतं.

आणि कधी कधी औषध बरोबर असतं, पोचतच नाही. कॅप्सूल टाकून ओढायच्या पंपाला जोरात श्वास घ्यावा लागतो, सत्तरीतल्या माणसाला तेवढा दम कुठून येणार, पावडर घशातच राहते. अशा वेळी तेच औषध फवाऱ्याच्या पंपाला स्पेसर (औषध धरून ठेवणारी पोकळ नळी) लावून किंवा वाफेसारखं औषध देणाऱ्या मशीनने दिलं तरी फरक पडतो, म्हणून पुढच्या वेळी चिठ्ठीबरोबर पंपही न्या आणि डॉक्टरांसमोर एकदा ओढून दाखवा.