वनस्पतिजन्य विषे : सातारा-सांगली परिसर

किडी, बुरशी आणि चरणारी जनावरे यांपासून स्वतःचा बचाव करण्यासाठी वनस्पती जी रसायने तयार करतात, त्यांपैकी माणसाला व गुराढोरांना बाधणारी ती वनस्पतिजन्य विषे. सातारा व सांगली जिल्ह्यांत पश्चिमेला सह्याद्रीचे पावसाळी रान आहे, तर पूर्वेला माण-खटाव, जत-आटपाडीचे अवर्षणी माळ आहेत. त्यामुळे रानकंदापासून ज्वारीपर्यंत अनेक विषारी वनस्पतींशी इथल्या लोकांचा रोजचा संबंध येतो. यांतल्या बहुतेक वनस्पती खाण्यायोग्य किंवा औषधी करून घेण्याच्या रीती ठरलेल्या आहेत. बाधा होते ती बहुधा त्यातली एखादी पायरी गाळल्याने, मात्रा वाढल्याने किंवा वनस्पती ओळखण्यात चूक झाल्याने.

कोरेगाव तालुक्याच्या वाघ्या घेवड्याला भौगोलिक मानांकन आहे. हा राजम्याच्याच जातीचा घेवडा. या जातीच्या कच्च्या दाण्यांत लेक्टिन प्रकारचे एक विषारी प्रथिन असते आणि अर्धेकच्चे चार-पाच दाणेही उलट्या-जुलाबांना पुरतात. दाणे रात्रभर भिजवून, ते पाणी फेकून, नव्या पाण्यात खळखळून उकळले की हे लेक्टिन नष्ट होते. मंद आचेवर नुसते कोमट शिजवणे मात्र कच्च्यापेक्षाही वाईट ठरू शकते. कुकरच्या शिट्ट्यांमुळे आपल्या घरांत हा धोका फारसा उरलेला नाही. अळू आणि सुरण घशाला खवखवतात ते कॅल्शियम ऑक्झलेटच्या सूक्ष्म, टोकदार स्फटिकांमुळे. म्हणून त्यांत चिंच किंवा आमसूल घालून ते नीट शिजवण्याची रीत आहे. खटाव-पुसेगाव भागात बटाटा पिकतो. उन्हात राहून हिरवा पडलेला किंवा कोंब फुटलेला बटाटा शिजवला तरी त्यातले सोलॅनिन हे विष फारसे कमी होत नाही. कोंब व हिरवा भाग खोल कापून टाकावा. हिरवेपणा जास्त असेल तर बटाटाच टाकावा. दुधी कडू लागला तर त्याची भाजी किंवा रस अजिबात घेऊ नये. कडू दुधीच्या रसाने देशात मृत्यू झाल्यानंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीनेही हाच सल्ला दिला. कडू ते औषधी, या समजुतीने तो रस नेटाने पिणारे लोक आजही भेटतात, हे फार काळजीचे आहे.

दुष्काळी पट्ट्यात सर्वांत परिचित बाधा गुरांची. पाऊस ओढ देतो तेव्हा गुडघ्याएवढ्या कोवळ्या ज्वारीत आणि कापणीनंतरच्या फुटव्यांत धुरिन हे रसायन वाढते. जनावराने ते खाल्ले की त्यापासून सायनाइड सुटते आणि रक्तातला प्राणवायू पेशींना वापरता येत नाही. यालाच किराळ लागणे म्हणतात. जनावर काही मिनिटांतही दगावते, मात्र वेळेत शिरेतून सोडियम थायोसल्फेट दिले तर वाचू शकते. नीट वाळलेल्या कडब्यात हा धोका बराच कमी असतो. हुरडाही बाधत नाही, कारण धुरिन मुख्यतः कोवळ्या पानात व ताटात असते, दाण्यात नव्हे. मटकीसारखे मोड आणून ज्वारी कच्ची खाणे मात्र टाळावे, कारण मोडांत धुरिन तयार होते.

औषधात विषारी वनस्पती वापरण्याची परंपरा आयुर्वेदात जुनी आहे आणि तिने शोधनाची, म्हणजे विष कमी करणाऱ्या शुद्धीकरणाची, अटही तितक्याच ठामपणे घातली आहे. बचनाग व कुचला गोमूत्रात किंवा दुधात शुद्ध केल्याशिवाय वापरत नाहीत. अशुद्ध बचनागातील अॅकोनिटीन हृदयाची लय बिघडवते, तर कुचल्यातील स्ट्रिक्निनने झटके येतात. औषध नियमांच्या अनुसूची ई(1) मध्ये, म्हणजे विषारी द्रव्यांच्या यादीत, ही दोन्ही तसेच धोतरा, गुंज, कण्हेर, कळलावी आणि बिब्बा आहेत. ती असलेले औषध वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावे, अशी सूचना वेष्टनावर बंधनकारक आहे. बिब्ब्याची गोडंबी, म्हणजे आतला गर, लाडवात आवडीने खाल्ली जाते, पण टरफलातले तेल कातडीला लागले की फोड येतात. खोकल्यावर दुधात बिब्बा टिपवून देण्याचा घरगुती उपाय लहान मुलांवर कधीही करू नये.

सुरक्षित समजल्या जाणाऱ्या वनस्पतींचाही अतिरेक बाधू शकतो. कोविडच्या काळात गुळवेलीचा काढा महिनोन्‌महिने घेतलेल्या सहा रुग्णांत यकृताला इजा झाल्याचे मुंबईतील डॉक्टरांनी 2021 मध्ये नोंदवले. आयुष मंत्रालयाने या निष्कर्षावर हरकत घेतली. सांगलीची हळद आमटीत चिमूटभर पडते तेव्हा प्रश्न नसतो. तिच्या अर्काच्या, मिरीतील पायपरिन मिसळलेल्या तीव्र गोळ्यांनी मात्र यकृताला सूज आल्याच्या नोंदी परदेशात आहेत. काढा किंवा गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना आपण होऊन सांगावे.

मुले शेंगदाण्यासारख्या दिसणाऱ्या मोगली एरंडाच्या बिया खातात, पिवळ्या कण्हेरीची फळे फोडतात, गुंजा चघळतात. गुंज अखंड गिळली तर कठीण सालीमुळे अनेकदा बाधत नाही. चावली तर त्यातील अॅब्रिन जीवघेणे ठरू शकते आणि त्यावर उतारा नाही. पावसाळ्यात कुंपणावर फुलणाऱ्या कळलावीचा कंद खाद्य कंद समजून खाल्ला तर आधी उलट्या-जुलाब होतात. नंतर रुग्ण सावरल्यासारखा वाटला तरी कंदातील कोल्चिसिन या विषामुळे काही दिवसांत अस्थिमज्जा (हाडांतला रक्तपेशी तयार करणारा मगज) निकामी होऊ शकते. म्हणून उलट्या थांबल्या तरी त्याला दवाखान्यात न्यावेच. घरी मीठ-पाणी पाजून किंवा घशात बोट घालून ओकायला लावू नये. 108 वर रुग्णवाहिका बोलवावी आणि खाल्लेल्या वनस्पतीचे पान, बी किंवा कंदाचा उरलेला तुकडा सोबत न्यावा, कारण कण्हेर, धोतरा आणि कळलावी यांचे उपचार वेगवेगळे आहेत.