बोंडू इकडचा, फेणी तिकडची: वेंगुर्ल्याच्या काजूपट्ट्याची पार्श्वभूमी

मार्च-एप्रिलात वेंगुर्ले, शिरोडा, रेडी या भागात सुट्टीला आलेले पाहुणे हमखास विचारतात, इथे फेणीची भट्टी कुठे बघायला मिळेल? नाशिकला द्राक्षमळ्यात हिंडून तिथल्या तिथे वाइन चाखायची सवय लागलेली असते. त्यामुळे डोंगरच्या डोंगर काजूचे असूनही भट्टी नाही, हे त्यांना पटत नाही. भट्टी बघायची तर गोव्याची हद्द ओलांडावी लागते. झाड तेच, माती तीच, पण राज्यकर्ते वेगळे होते.

काजू पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणला. त्यांच्या अमलाखालच्या गोव्यात बोंडवांचा, म्हणजे काजूच्या बीला चिकटलेल्या रसाळ फळांचा, धंदा गावोगाव रुजला. बोंडू तुडवून रस काढायचा, तो आंबवून भट्टीवर चढवायचा, पहिल्या खेपेला हुर्राक आणि तोच पुन्हा गाळला की फेणी. २००९ साली गोव्याच्या काजूफेणीला भौगोलिक मानांकनही मिळालं.

अलीकडच्या तीरावर गोष्ट वेगळी घडली. सावंतवाडीकरांकडून वेंगुर्ले १८१२ मध्ये इंग्रजांकडे गेलं. इंग्रजांना दारूपेक्षा दारूवरचा महसूल प्यारा. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने गाळपावर सरकारचा ताबा घट्ट झाला. स्वातंत्र्यानंतर १९४९ चा दारूबंदी कायदा आला. गोवा तेव्हा पोर्तुगिजांकडेच होता आणि १९६१ साली मुक्त झाल्यावरही तो महाराष्ट्राच्या कायद्याखाली आला नाही. मग एकाच खाडीच्या एका काठावर परवान्याची भट्टी आणि दुसऱ्या काठावर पोलिसांची धाड, असा मामला झाला.

परिणामी इकडे काजू म्हणजे फक्त बी. वेंगुर्ल्याचं फळ संशोधन केंद्र १९५७ पासूनचं, तिथल्या ‘वेंगुर्ला’ नावाच्या जाती सगळीकडे गेल्या. त्यांचं कौतुकही झालं ते बीचा आकार आणि उत्पन्न यांसाठी. १९९० च्या सुमारास रोजगार हमीतून फळबागांना अनुदान मिळू लागलं आणि मोकळे कातळउतार काजूने भरून गेले. आज पर्यटकाला जो हिरवा डोंगर ‘पूर्वापार’ वाटतो, त्यातला बराचसा तेव्हाचा आहे. एक किलो बीमागे आठ-दहा किलो बोंडू निघतो आणि तो एक-दोन दिवसांत नासतो. काही गोव्याच्या भट्ट्यांकडे जातो, काही गुरांपुढे पडतो, बाकीचा झाडाखालीच कुजतो. त्याचा आंबूस वास एप्रिलभर रस्त्यावर असतो. २०२२ साली राज्य सरकारने काजूबोंडं आणि मोहफुलांपासूनच्या मद्याला देशी दारूच्या वर्गातून काढून विदेशी मद्याचा दर्जा द्यायचं ठरवलं. माझ्या मते हे फार उशिरा सुचलं.

इकडे भट्ट्या दिसेतोवर पाहुण्याने करायचं काय? फेब्रुवारी-मार्चमध्ये आलात तर बाजारात ओले काजूगर शेकड्यावर मिळतात. त्यांची उसळ खाल्ल्याशिवाय परतू नये. बोंडू चिरून मीठ-मसाला लावून खावा, घसा थोडा खवखवेल. वेंगुर्ल्यात डचांची वखार आहे. १६३७ साली डच इथे आले ते काजूसाठी नव्हे, गोव्यातल्या पोर्तुगिजांची समुद्रावर कोंडी करायला. वखार आता पडकी आहे आणि गर्दीही नसते, ते बरंच. शिरोड्याला मिठागरं, १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहाचं हे गाव. पुढे रेडीचा यशवंतगड.

आणि मग तेरेखोल. किल्ला सावंतांचा, १७४६ मध्ये पोर्तुगिजांनी घेतला. नदीच्या उत्तरेला, म्हणजे आपल्या बाजूला असूनही तो गोव्यात मोडतो. रेडीहून गाडीने जाताना पाणी ओलांडावं लागत नाही, तरी कायदा बदलतो. पलीकडे केरीला जायला फेरीबोट आहे. हंगामात पेडण्याकडच्या गावांत भट्ट्या पेटलेल्या दिसतात. विचारलं तर बहुतेक भट्टीवाले दाखवतात आणि हुर्राकही चाखायला देतात. बाटली मात्र परवान्याशिवाय इकडे आणू नये. बांद्याजवळ इन्सुलीच्या नाक्यावर उत्पादन शुल्कवाले गाड्या तपासतात.