किझीचे बावीस घुमट

रशियाच्या वायव्येला करेलियात ओनेगा नावाचं अवाढव्य सरोवर आहे. त्यातल्या किझी या चिंचोळ्या बेटाकडे बोट निघाली की लांबूनच एकावर एक रचलेले बावीस घुमट दिसायला लागतात. चांदीचा पत्रा मढवल्यासारखे. प्रत्यक्षात तो पत्रा नाही, लाकूड आहे.

हे ऑर्थोडॉक्स चर्च १७१४ सालचं. उंची ३७ मीटर, म्हणजे आपल्याकडची बारा मजली इमारत. भिंती पाइनच्या ओंडक्यांच्या, घुमटांवरचे खवले अॅस्पन नावाच्या झाडाच्या लाकडाचे. असे सुमारे ३०,००० खवले आहेत. प्रत्येक खवला हाताने तासलेला, किंचित बाक दिलेला आणि खालच्या टोकाला पायऱ्या-पायऱ्यांसारखा कापलेला. कौलांसारखेच ते एकमेकांवर चढवलेले असतात. नवा खवला पिवळसर दिसतो. पण उन्हातली अतिनील किरणं लाकडातलं लिग्निन, म्हणजे तंतूंना घट्ट धरून ठेवणारा पदार्थ, मोडतात, पाऊस ते धुऊन नेतो आणि वर उरतो तंतूंमधला फिकट सेल्युलोज. चांदी येते ती अशी.

‘एकही खिळा न वापरता बांधलेलं चर्च’ ही ख्याती मात्र अर्धीच खरी. भिंतींचे ओंडके खाचेत खाच बसवून जोडलेत, तिथे खिळ्याचं कामच नाही. खवले मात्र खिळ्यांनीच ठोकलेत. नेस्टर नावाच्या सुताराने काम संपल्यावर ‘असं दुसरं होणे नाही’ म्हणत कुऱ्हाड सरोवरात भिरकावली, ही दंतकथा. ती तशीच राहू द्यावी.

मांडणी मोठी हुशारीची आहे. खाली ओंडक्यांचा अष्टकोन, त्याला चार दिशांना चार बाहू. वर त्याहून लहान अष्टकोन, त्यावर आणखी लहान. इतके कोपरे आणि सांधे म्हटल्यावर पाणी झिरपणारच, हे सुतारांनी गृहीत धरलं होतं. म्हणून वरच्या छपराखाली दुसरं छप्पर घातलं. झिरपलेलं पाणी त्यावर पडून पन्हळीतून बाहेर जायचं. एकोणिसाव्या शतकात भिंतींवर फळ्या आणि घुमटांवर पत्रा चढवला गेला. तो १९५०च्या दशकात उतरवला.

तोवर ओंडके कुजले होते, इमारत वाकायला लागली होती. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला आत पोलादी सांगाडा उभारला. आधार मिळाला, पण दोघांचा स्वभाव जुळेना. लाकूड लांबीत जवळपास आकसत नाही, जाडीत मात्र आकसतं आणि फुगतं. आडव्या ओंडक्यांची भिंत म्हणूनच वर्षानुवर्षं खाली बसत जाते. पोलाद जागचं हलत नाही.

मग जे केलं ते ऐकून मी आधी विश्वासच ठेवला नव्हता. चर्चचे आडवे सात थर मानले. जॅक लावून वरचा भाग उचलला, पोलादी सांगाड्यावर तोलून धरला आणि खालचा थर काढून घेतला. वर शेकडो टन लाकूड अधांतरी, खाली मोकळी जागा. काढलेले ओंडके बेटावरच्याच कार्यशाळेत गेले. कुजलेला भाग कापून तिथे नवं लाकूड बसवलं, अगदीच गेलेले ओंडके बदलले. तो थर आधी कार्यशाळेत जुळवून पाहिला, मग जागेवर परत आणला. त्यानंतर त्याच्या वरचा.

याला साधारण दशक लागलं. २०२० मध्ये चर्चचं दार पुन्हा उघडलं, पण उन्हाळ्यापुरतंच वापरता येईल असं, कारण आत शेगडीची सोय पहिल्यापासूनच नाही. थंडीसाठी शेजारी नऊ घुमटांचं, ऊब असलेलं दुसरं चर्च आहे.