'मॉड्यूल नॉट फाउंड' आलं, म्हणजे पायथॉन बिघडलं?

'पिपने पॅकेज टाकलं, तरी मॉड्यूल सापडत नाही? मग पायथॉन काढून पुन्हा टाका' हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतो आहे. (पिप म्हणजे पायथॉनसाठी तयार कोडची पॅकेजं इन्स्टॉल करणारं साधन; मॉड्यूल म्हणजे प्रोग्रॅममध्ये इम्पोर्ट करायचा कोड.) कधीकधी तो लागूही पडतो, म्हणूनच खरा वाटतो.

पण बहुतेक वेळा बिघडलेलं काहीच नसतं. एकाच मशीनवर दोन-तीन पायथॉन नांदत असतात आणि प्रत्येकाचं पॅकेजचं फोल्डर वेगळं. पिपने सामान एका घरात ठेवलं, प्रोग्रॅम शोधतोय शेजारच्या घरात!

खात्री करायला प्रोग्रॅममध्ये 'सिस' मॉड्यूल इम्पोर्ट करून त्यातलं 'एक्झिक्युटेबल' (पायथॉनचा पत्ता) आणि 'व्हर्जन' (त्याचा आकडा) प्रिंट करा. कोणता पायथॉन चालतोय ते कळेल. मग पिपची आवृत्ती विचारा. उत्तरात फोल्डरचा पत्ता आणि पायथॉनचा आकडा दोन्ही येतात. एकीकडे ३.१२ आणि दुसरीकडे ३.९ दिसलं, की चोर सापडला.

उपाय: नुसतं 'पिप' न लिहिता, प्रिंट झालेल्या त्याच पायथॉनचा पूर्ण पत्ता देऊन पुढे 'डॅश एम पिप इन्स्टॉल' लिहा. लिनक्सवर तर सिस्टिमचा पायथॉन काढूच नका, तिची कित्येक साधनं त्यावरच चालतात.

आकडे जुळूनही अडलं, तर नाव तपासा: उदाहरणार्थ, ओपनसीव्ही हे चित्रं हाताळायचं पॅकेज टाकताना 'ओपनसीव्ही-पायथॉन', इम्पोर्ट करताना मात्र 'सीव्ही२'.