गाडी मागे घेणे

गाडी मागे घेणे (बोलीत ‘रिव्हर्स मारणे’) : मोटारवाहन उलट गिअर टाकून मागच्या बाजूला नेणे. अंतर बहुधा दहा-वीस फुटांचे, वेग चालत्या माणसाएवढा. तरी चूक झाली तर माफी नाही. मागच्या काचेखालची जमीन आरशात दिसत नाही. तिथे उकिडवे बसून मातीत खेळणारे पोर चालकाला दिसणारच नाही. म्हणून गाडीत बसण्याआधी मागून एक फेरी मारावी. याहून खात्रीची खबरदारी नाही.

मागे जाताना वळणारी चाके पुढेच असतात, त्यामुळे गाडीचे नाक वळणाच्या उलट बाजूला बाहेर फिरते. मागे बघण्याच्या नादात पुढचा बंपर शेजारच्या गाडीला घासतो तो यामुळेच.

खरी कसोटी ट्रॅक्टर-ट्रॉलीची. ट्रॉलीची मागची बाजू डावीकडे न्यायची तर स्टिअरिंग आधी उजवीकडे फिरवावे लागते. ट्रॉली वळू लागली की ते लगेच डावीकडे घेऊन ट्रॅक्टर तिच्या रेषेत आणायचा. उशीर झाला तर ट्रॉली ट्रॅक्टरला आडवी होते आणि ट्रॅक्टरचे मागचे चाक ट्रॉलीच्या दांडीला भिडते. तेव्हा रेटू नये. पुढे घेऊन, सरळ करून पुन्हा सुरुवात करावी. उसाच्या हंगामात एकामागे एक दोन ट्रॉल्या असतात. तिथे मागची सोडून घेणेच शहाणपणाचे.

मोठ्या गाडीला मागे माणूस लागतोच. ट्रकवर हे काम क्लीनरचे, एसटीत कंडक्टरचे. फलाटाला तोंड लावून उभी असलेली बस मागे घेऊनच बाहेर काढावी लागते. कंडक्टर खाली उतरून शिट्टी वाजवत राहतो. ट्रकमागे ‘येऊ द्या, येऊ द्या’ चालते. हा माणूस थेट मागे नव्हे, तर चालकाच्या आरशात दिसेल असा बाजूला उभा हवा. तो आरशातून गेला किंवा आवाज थांबला, की ब्रेक.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे लायसन्सच्या चाचणीत अरुंद जागेत गाडी मागे घालून दाखवावी लागते. भारतात १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींना मागचे सेन्सर सक्तीचे झाले. सेन्सर ध्वनिलहर सोडतो आणि ती आपटून परत यायला लागलेल्या वेळावरून अंतर काढतो. भिंत असली की तो ओरडतो. उघडे गटार किंवा कठडा नसलेली विहीर असेल, तर लहर आपटायला समोर काहीच नसते आणि तो गप्प राहतो.