‘सत्तर टक्के’ची पार्श्वभूमी

नागपूरच्या धंतोलीत दवाखान्याबाहेर चहा घेता घेता गोंदिया-बालाघाटहून आलेले नातेवाईक एकमेकांना विचारतात, "बाबाजींचं किती निघालं जी?" उत्तर टक्क्यांत येतं, म्हणजे हृदयाच्या कोणत्या नसेत किती अडथळा. एकीत सत्तर, दुसरीत नव्वद. काही जण बेरीजही करून टाकतात.

ही टक्केवारी अँजिओग्राफीची, म्हणजे नसांत डाय (एक्स-रेत दिसणारं द्रव्य) सोडून अडथळा पाहण्याच्या तपासणीची, देणगी. स्टेथोस्कोप, ईसीजी त्याआधीचे. 1929 मध्ये जर्मनीत एका तरुण डॉक्टरने स्वतःच्याच हाताच्या शिरेतून नळी हृदयापर्यंत सरकवली होती. 1958 मध्ये अमेरिकेत डाय चुकून थेट करोनरी नसेत (हृदयालाच रक्त पुरवणाऱ्या) गेला, हृदय थबकलं, रुग्णाला खोकायला लावल्यावर पुन्हा सुरू झालं. त्या चुकीतून आजची तपासणी निघाली.

आकडा मोजून काढलेला असतो, असा समज आहे. बहुतेकदा तो नजरेचा अंदाज असतो: अरुंद जागा शेजारच्या चांगल्या भागाशी ताडून पाहायची. शेजारचा भागच खराब असेल तर आकडा कमी भरतो. त्यात व्यास धरायचा की क्षेत्रफळ? नसेचा व्यास निम्मा झाला की आतली जागा 75 टक्के जाते. म्हणजे तीच नस एका कागदावर 50, दुसऱ्यावर 75, आणि दोन्ही बरोबर! दुसरं मत घ्यायला निघालेल्या घरात यावरूनच भांडणं होतात.

1990च्या दशकात बारीक तारेने अडथळ्याच्या अलीकडचा-पलीकडचा दाब मोजणं सुरू झालं. पलीकडचा दाब अलीकडच्याच्या 0.80 पट किंवा त्याहून कमी भरला, तर रक्त खरंच अडतंय. साठ-सत्तरवाल्या बऱ्याच नसा यात पास होतात. पण तारेचा खर्च वेगळा, आणि नुसता आकडा ऐकून नातेवाईक स्टेंटच्या सहीला तयार असतातच.

ॲटॅक चालू असताना हा वाद नसतो; तिथे ईसीजी आणि ट्रोपोनिन (हृदयाला इजा झाल्याचं दाखवणारी रक्ततपासणी) बोलतात. प्रश्न आहे चालताना छाती भरून येणाऱ्या, एरवी स्थिर रुग्णाचा. 2019 मध्ये जाहीर झालेल्या, 37 देशांतल्या 5,179 रुग्णांच्या चाचणीत अशांना आधी अँजिओग्राफी आणि लागल्यास स्टेंट किंवा बायपास करून मृत्यू वा ॲटॅक नुसत्या औषधांच्या तुलनेत कमी झाले नाहीत. छातीतलं दुखणं मात्र कमी झालं. मुख्य डाव्या नसेत मोठा अडथळा असलेले त्यात नव्हते.

आता नळी न घालता सीटी स्कॅनवर होणारी सीटी अँजिओग्राफी आली आहे. तिचा रिपोर्ट "50 ते 69" असा पट्टाच देतो. घरी जाईपर्यंत त्याचेही सत्तर झालेले असतात.