कोयरी नक्षी (बोहेमियन वेशशैलीतील)

कोयरी नक्षी : बुडाशी गोल व शेंड्याकडे निमुळती होत एका बाजूला वळलेली आकृती आणि तिच्या आवृत्तींतून साधलेली वस्त्रावरील रचना. काश्मिरी शालीच्या पदरातून ती यूरोपात पोहोचली व स्कॉटलंडमधील पेझ्ली या विणकरांच्या गावावरून तिकडे त्याच नावाने रूढ झाली. १९६० नंतरच्या दशकांत सैल अंगरखे, कॅफ्तान (सरळ बेताचे, लांब, सैल पश्चिम आशियाई झगे), घेरदार झगे आणि थरांवर थर चढवलेले पोशाख यांतून जी बोहेमियन वेशशैली घडली, तिच्यातील ही सर्वांत टिकाऊ नक्षी होय.

उगमाबद्दल मतभेद आहेत. इराणी परंपरेतील सरूचे झाड वाऱ्याने झुकले की जो आकार दिसतो तो म्हणजे कोयरी, असे एक मत असून त्याला जरथुश्त्री प्रतीकार्थाची जोड दिली जाते. खजुराच्या कोवळ्या फुटव्याशी किंवा बॅबिलोनियातील सुफलताचिन्हांशी तिचे नाते जोडणारे मत लोकप्रिय लेखनात वारंवार आढळते. मात्र मधल्या अनेक शतकांचे दुवे त्यात सापडत नाहीत. अफगाणिस्तानातील बाल्ख येथील नवव्या शतकातल्या मानल्या जाणाऱ्या मशिदीच्या गिलाव्यात अशा वळणदार पानांचे आकार असल्याचे सांगतात. तथापि आकाराचे साम्य म्हणजे वंशसंबंध नव्हे.

शालींचे ब्रिटिश अभ्यासक जॉन अर्विन यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास मांडलेला क्रम वेगळा आहे. त्यांच्या मते सतराव्या शतकातील काश्मिरी शालीच्या पदरावर मुळांसकट दाखवलेले एकेक फुलझाड असे. मोगल चित्रशाळेतील पुष्पचित्रणाशी त्याचे साधर्म्य स्पष्ट आहे. अठराव्या शतकात हे झाड दाट होत गेले, कधी फुलदाणीतल्या गुच्छासारखे झाले आणि त्याचा शेंडा एका बाजूला कलला. साधारणपणे १८०० च्या सुमारास गुच्छाची बाह्यरेषा बंद होऊन कोयरी सिद्ध झाली आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ती लांबत, वेटोळत सगळी शाल व्यापू लागली. उपलब्ध शालींच्या साक्षीने पायरी-पायरीने तपासता येते, एवढ्यासाठी तरी हे मत अधिक ग्राह्य वाटते. शालींचा कालनिर्णय बहुधा शैलीवरूनच केलेला असल्यामुळे तोच पुरावा व तोच निष्कर्ष असा दोष त्यात थोडाफार राहतो, हेही लक्षात ठेवले पाहिजे. मोगल आणि सफवी कलांची देवाणघेवाण पाहता इराणी प्रभाव पूर्णपणे नाकारण्याचेही कारण नाही.

नक्षीचे वळण विणकामाच्या तंत्राशी बांधलेले होते. कानी (कांड्यांनी विणलेल्या काश्मिरी) शालीत धोटा, म्हणजे आडवा धागा नेणारे साधन, एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत फिरत नाही. प्रत्येक रंगाचा बाणा (आडवा धागा) छोट्या लाकडी कांडीवर गुंडाळलेला असतो. तो आपल्या रंगाच्या हद्दीपुरताच ताण्यांतून (उभ्या धाग्यांतून) जातो आणि शेजारच्या रंगाच्या बाण्यात अडकून परत फिरतो. नक्काश आराखडा काढी, तराह-गुरू रंगांचा क्रम सांगे आणि तालीम-गुरू तो सांकेतिक लिपीत उतरवून विणकरांच्या हाती देई. गुंतागुंतीच्या शालीला वर्ष-दीड वर्ष लागे. तिरप्या विणीवर वक्ररेषा बारीक पायऱ्यांनी चढत असल्याने तिची कड किंचित हलती, मऊ दिसते. नक्षीप्रमाणे ताणे आपोआप उचलणाऱ्या १८०४ मधील जॅकार्ड यंत्रणेने पुढे यूरोपीय मागांवर हेच काम जलद झाले, पण तेथे बाणे पूर्ण रुंदीभर जातात आणि मागे लोंबणारे धागे कापून टाकावे लागतात. कापड सुबक झाले तरी कड ताठ झाली. छपाईने तर विणीचे बंधनच उरले नाही आणि कोयरी कोणत्याही आकाराची, कोणत्याही दिशेची होऊ शकली. बोहेमियन पोशाखांत दिसते ती बहुतेक ही छापील कोयरी.

मूळ शाल हे न शिवता पांघरायचे वस्त्र. त्यात मोठ्या कोयऱ्या पदरावर ओळीने उभ्या, मध्यभाग मोकळा किंवा बारीक बुट्ट्यांचा आणि कडेने अरुंद वेलपट्टी अशी श्रेणी ठरलेली होती. १८७० नंतर यूरोपात शालींची फॅशन ओसरली. फुगीर पाठीच्या झग्यांवर चौरस शाल नीट बसेना, आणि १८७०–७१ च्या फ्रान्स-प्रशिया युद्धाने काश्मीरची मुख्य बाजारपेठही मोडली. त्याच सुमारास घरोघरच्या जुन्या शाली कापून डॉल्मन नावाचे झूल-कोट बेतले गेले. आज संग्रहालयांत असलेल्या अशा कोटांत पदराच्या कोयऱ्या पाठीवर समोरासमोर आणून किंवा बाहीच्या घेरावर वळवून बसवलेल्या दिसतात. बोहेमियन वस्त्ररचनेचा खरा पूर्वज शोधायचा तर तो या अनामिक शिंप्यांच्या कामात शोधावा, असे प्रस्तुत नोंदलेखकाला वाटते. या शैलीचे मूळ म्हणून पॅरिसमधील चित्रकारांच्या वेशभूषेचा दाखला नेहमी दिला जातो. पण नक्षी कुठे कापायची हा प्रश्न पहिल्यांदा सोडवला तो या शिंप्यांनी.

१९६० च्या दशकात भारतीय छापील सुती पलंगपोसांचे झगे शिवण्याची चाल पाश्चात्त्य तरुणांत पसरली. पलंगपोसालाही काठ व मधला भाग असतो, म्हणून काठ घेराला आणि मधली नक्षी छातीवर अशी मांडणी आपोआप साधे. थिया पोर्टर (१९२७–२०००) या रचनाकर्तीने याच वाटेने पण फार जाणतेपणाने काम केले. जेरुसलेममध्ये जन्म, दमास्कसमध्ये बालपण आणि पुढे बैरूतमध्ये वास्तव्य असलेल्या पोर्टर यांनी १९६६ मध्ये लंडनच्या ग्रीक स्ट्रीटवर दुकान थाटले. तेथे गृहसजावटीच्या वस्तूंबरोबर ठेवलेले जुने कॅफ्तान इतके खपले, की त्या स्वतः तसे पोशाख करू लागल्या. सरळ रेषांत बेतलेल्या कॅफ्तानात कापड फारसे तुटत नाही, त्यामुळे भरजरी कापडाची मूळ मांडणी अंगावर शाबूत राहते. ब्रिटिश रचनाकर्त्या झँड्रा ऱ्होड्स यांनी उलट टोक गाठले. छापलेल्या आकृतीच्या कडेनेच कापड कापून त्यांनी नक्षीला बेतावर अधिकार दिला.

कोयरीला एका पेढीची ओळख बनवण्याचे काम मिलानच्या एत्रो घराण्याने केले. जिम्मो एत्रो यांनी १९६८ मध्ये कापडनिर्मिती सुरू केली आणि एकोणिसाव्या शतकातील शालींच्या आपल्या संग्रहावरून १९८१ मध्ये ही नक्षी प्रथम गृहवस्त्रांत आणली. कपड्यांत ती नंतर आली. वेरोनिका एत्रो यांच्या स्त्री-पोशाखांत एकाच झग्यात तीन-चार मापांच्या कोयऱ्या येत: घेराला मोठी, अंगाला मध्यम, बाहीच्या पट्टीला बारीक. रंगांची छटा समान ठेवल्यामुळे गर्दी होऊनही गोंधळ होत नसे. शालीची जुनी श्रेणी येथे काठावरून शरीराच्या उभारणीवर सरकलेली दिसते. पुरुषांच्या पोशाखात मात्र तिचा वापर अस्तर, गळपट्टा व टाय यांपुरता फार काळ मर्यादित राहिला.

कोयरीला वरची व खालची बाजू असल्याने दिशेचा प्रश्न शिवणाऱ्याला चुकत नाही. एकाच दिशेच्या नक्षीत सर्व तुकडे त्याच दिशेने बेतावे लागतात आणि कापड जास्त लागते. उलट-सुलट कोयऱ्यांच्या छापात ही अडचण नसते, म्हणून स्वस्त तयार कपड्यांत तोच छाप जास्त. अलीकडच्या डिजिटल छपाईत तुकड्याच्या आकारानुसारच नक्षी छापता येते. त्यामुळे खांद्याच्या शिवणीवर कोयरी अर्धवट तुटणे टाळता येते, मात्र प्रत्येक मापासाठी आराखडा पुन्हा जुळवावा लागतो.